चार गाणी, एक वही: नाशिकच्या लोकबँडचं पहिलं रेकॉर्डिंग

गिटार, संबळ, आजीकडून ऐकलेली ओवी आणि मधेच गोदाघाटावरच्या घंटा, असलं मिश्रण करून बघणारी पोरं-पोरी नाशकात आता कमी नाहीत. वाजवतात मन लावून. पण "तुमचं काही ऐकायला मिळेल का?" म्हटलं की मोबाईल निघतो आणि कुठल्याशा कार्यक्रमातला, प्रेक्षकांच्या गप्पांसकट काढलेला व्हिडिओ समोर येतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे. स्टुडिओत कधी पाऊल न टाकलेल्या, खिशात फारसे पैसे नसलेल्या बँडने पहिली चार गाणी कशी रेकॉर्ड करायची आणि बाहेर कशी काढायची, ते क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी एक दोनशे पानी वही आणा. चेष्टा नाही. या प्रकारच्या संगीतात निम्मा माल बाहेरून आलेला असतो. शब्द कुणाचे तरी, चाल कुठल्या तरी गावची, वाजवणारा बँडबाहेरचा, मागचा आवाज घाटावरचा. ते त्या-त्या दिवशी लिहून ठेवलं नाही तर दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही, आणि गाणं नेमकं तिथेच अडकतं. माईक नंतर घेतला तरी चालेल.

किती गाणी?

चार. तयार असतील वीस, तरी चारच. बहुतेक स्ट्रीमिंग सेवांवर तीन गाण्यांपर्यंत सिंगल धरतात, चार ते सहा गाणी आणि एकूण वेळ ३० मिनिटांच्या आत असेल तर ईपी, त्यापुढे अल्बम. तुमचा एकच तुकडा दहा मिनिटांहून लांबला तर तो एकटासुद्धा सहसा ईपीत मोडतो. प्रायोगिकवाल्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं, कारण "हे गाणं जरा वाढतंच" ही आपली नेहमीची तक्रार. पहिला अल्बम काढायला निघालेले बँड सहाव्या-सातव्या गाण्यापाशी दमतात आणि मग पूर्ण झालेली पाचही तशीच पडून राहतात.

शास्त्रीय गायक द. वि. ऊर्फ बापूराव पलुस्करांचं उदाहरण आपल्या गावचंच आहे. १९२१ साली नाशिकला जन्म, १९५५ साली निधन, वय अवघं चौतीस. बापूरावांना समोर बसून ऐकलेलं माणूस आता क्वचितच सापडेल, पण त्यांचा आवाज आजही रोज कुणाच्या तरी घरी लागतो, तो ध्वनिमुद्रिकांमुळे. त्या काळच्या ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तेवढ्यात राग उभा राहायचा. आपल्याला अकरा मिनिटं का लागतात, हा प्रश्न तालमीत एकदा तरी विचारून बघा.

शब्द कुणाचे, चाल कुणाची

नाशिकमधला बँड म्हटला की कुसुमाग्रजांची एक तरी कविता चालीत बांधायची इच्छा होतेच. गाऊन बघायला कुणाची हरकत नाही. रेकॉर्ड करून बाहेर काढायची तर परवानगी लागते. आपल्याकडे कवी गेल्यानंतरच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं लेखनावर हक्क राहतो. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे हक्क २०५९ संपेपर्यंत. याउलट आपल्याच गावचे स्वातंत्र्यशाहीर कवी गोविंद १९२६ साली गेले, त्यांचे शब्द केव्हाच मोकळे झालेत. संत निवृत्तिनाथांचा अभंग तर मोकळाच. पण इथे एक खाच आहे. अभंग मोकळा असला तरी तुमच्या कानात बसलेली त्याची चाल एखाद्या संगीतकाराने गेल्या पन्नास वर्षांत बांधलेली असू शकते, आणि ती त्याची असते. चाल स्वतः बांधा, किंवा वारीत, भजनी मंडळात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलीच घ्या.

दुसऱ्या कुणाचं प्रसिद्ध गाणं नव्या ढंगात करायचं असेल तर कायदा आणखी कडक. मूळ गाणं ज्या वर्षी रेकॉर्ड झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबायचं, मग आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी भरायची. पहिल्या ईपीत हे लोढणं नको.

जात्यावरच्या ओव्यांचं वेगळं. त्या पारंपरिक, मालक कुणी नाही. तरीही ज्या बाईंकडून ऐकलीत त्यांचं नाव, गाव, तारीख वहीत हवी आणि गाण्याच्या श्रेयातही हवी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखावर ओव्या जमवल्या. त्या संग्रहात ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. त्यांना लाखाची नोंद ठेवता आली, आपल्याला एकीची ठेवायला काय झालं?

याच बैठकीत, चहा निवायच्या आत, हिस्से ठरवा. प्रत्येक गाण्याचे तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि रेकॉर्डिंगचा. प्रत्येकासमोर नावं आणि टक्के लिहा, बेरीज १००, खाली सगळ्यांच्या सह्या. दोस्तीत कागद कशाला, असं कुणीतरी म्हणेलच. त्याची सही आधी घ्या.

सूर कोण ठरवणार

माझ्या मते प्रायोगिक लोकसंगीताची निम्मी रेकॉर्डिंगं इथे बिघडतात, आणि बिघडल्याचं थेट मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, कळतं. नियम साधा आहे: ज्या वाद्याचा सूर बदलता येत नाही, त्याच्याकडे सगळ्यांनी यायचं.

तारपा घ्या. हरसूल-जव्हारच्या पट्ट्यात अजून वाजवणारे आहेत. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, मेणाने बसवलेले सांधे. त्याला खुंटी नाही की पट्टी नाही, करणाऱ्याने कापला तो सूर. ट्यूनर ॲप समोर ठेवून वाजवायला सांगा. सूर बहुतेकदा काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मधेच कुठेतरी निघेल. काटा सांगेल, काळी दोनच्या ३५ सेंट वर (दोन लगतच्या पट्ट्यांत १०० सेंट असतात). आता गिटारच्या सहाही तारा तेवढ्याच ३५ सेंट चढवा. तुणतुण्याची खुंटी पिळा. गाणारा आपोआप जुळतो. राहिली पेटी. तिची पट्टी जागची हलत नाही, त्यामुळे त्या गाण्यात पेटी नाही. पेटीवाला रुसतो, पण पुढचं गाणं त्याला द्या. तारपा रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर सुरात आणू, असा सल्ला कुणी देईल. करून बघा. वाद्यातला तो घोगरा, भरलेला श्वास पातळ होतो आणि प्लास्टिकच्या पिपाणीसारखं काहीतरी उरतं.

तारप्याला बोलावण्याची वेळही जपा. भात निघाल्यावर, दिवाळीच्या पुढेमागे विचारा. आवणीच्या दिवसांत विचारलंत तर माणूस संकोचाने येईल, पण त्याचं लक्ष शेतावर असेल. आणि मानधन आधी बोलून, त्याच दिवशी हातात. "नाव होईल तुमचं" हे मानधन नव्हे.

चामड्याच्या वाद्यांचं दुखणं पावसाळ्याचं. जून ते सप्टेंबर हलगी सैल पडते, शेकून घेतली की वीस-पंचवीस मिनिटं ताठ राहते, पुन्हा उतरते. शेकायची सोय रेकॉर्डिंगच्या जागीच ठेवा आणि प्रत्येक टेकआधी (टेक म्हणजे गाण्याचं एकदा सलग केलेलं रेकॉर्डिंग) एक थाप वाजवून आधीच्या टेकशी ताडून बघा. पखवाज असेल तर कणीक ताजी भिजवा. जमत असेल तर सगळं चामडं नोव्हेंबरवर ढकला. नाशिकची कोरडी थंडी त्याला मानवते.

जागा

जुन्या नाशिकातल्या वाड्यात कुणाची ओळख असेल तर आधी तिथे जा. जाड मातीच्या भिंती, लाकडी तक्तपोशी, कोनाडे, असमान जमीन. आवाज एका जागी साचत नाही. गंगापूर रोड किंवा पाथर्डी फाट्याच्या नव्या फ्लॅटमध्ये उलट. चकचकीत फरशी आणि समोरासमोर गुळगुळीत भिंती. मधे उभं राहून टाळी वाजवा. मागे "टिर्रर्र" असं ऐकू आलं तर भिंतींवर गोधड्या टांगा, एक गादी उभी करा, कपड्यांचं कपाट उघडं ठेवा. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. त्यांनी दिसतं स्टुडिओसारखं, होत काही नाही.

दहा बाय दहाच्या खोलीचा एक खास त्रास आहे. दोन भिंतींतलं अंतर साधारण तीन मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, त्यामुळे ५६ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज तिथे फुगतो. ढोलाची घुमी नेमकी त्या भागात येते. खोलीच्या अगदी मध्यात किंवा कोपऱ्यात वाद्य आणि माईक ठेवू नका. भिंतीपासून एक तृतीयांश अंतरावर सरका, फरक लगेच ऐकू येईल.

आवाजाचं वेळापत्रकही लिहा. ओझरकडे राहत असाल तर लढाऊ विमानं, देवळालीच्या बाजूला तोफखान्याचा सराव, सातपूर-अंबडला पाळी सुटण्याची वर्दळ, मखमलाबादला द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर. रात्र शांत असते, पण दहानंतर संबळ वाजवलात तर सोसायटीचे अध्यक्ष स्वतः टाळी वाजवायला येतील. म्हणून ताशा, संबळ, हलगी दिवसा, गिरणाऱ्याकडच्या एखाद्या मळ्यातल्या घरात. आवाज, गिटार, तुणतुणं रात्री घरी. पंखा बंद, फ्रीजचा प्लग काढलेला. फ्रीज पुन्हा चालू करायचा राहू नये म्हणून मोटारसायकलची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची, ही आमच्याकडची युक्ती आहे. वीज गेली तर स्वस्त इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करू नका, गुरगुर शिरते. लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

सामान

थोडक्यात आटपतो, कारण सामानाच्या चर्चेत बँड म्हातारे होतात. दोन माईक लावता येतील असा ऑडिओ इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा), एक डायनॅमिक माईक (शुअरचा एसएम ५७ किंवा ५८, सेकंडहँडही चालतो), एक कंडेन्सर माईक ज्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्ट जातात, बंद कानाचा हेडफोन, दोन स्टँड. सॉफ्टवेअरला रीपर ६० दिवस मोफत वापरून बघता येतं. ऑडॅसिटी कायमच मोफत आहे. सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, फाईल वेव्ह. एमपीथ्रीत रेकॉर्ड करायचं नाही.

रेकॉर्डिंगचा दिवस

पातळी अशी ठेवा की सगळ्यात जोरकस थापेला मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल. २४ बिटमध्ये हळू आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. तालमीत वाजवणारा हातचं राखून वाजवतो आणि लाल दिवा लागला की जोर येतो, हेही धरून चाला.

संबळाला माईक कुठे लावायचा यावर वाद घालणारे बरेच, पण आधी वाद्य नीट बघा. दोन भांडी, एक मोठं एक लहान, दोन काठ्या, त्यातल्या एकीचं टोक वाकडं. मोठ्याची घुमी आणि लहानाची कडकड यांत एवढी तफावत असते की जवळ लावलेला एकच माईक नेहमी एकाचीच बाजू घेतो. डायनॅमिक माईक दोन्ही तोंडांच्या मधोमध, हातभर वर, किंचित मोठ्याकडे कललेला लावा. दुसरा माईक वादकाच्या छातीच्या उंचीवर, पाचेक फूट समोर. त्यात खोली आणि गोंधळ्याच्या अंगाचा हेलकावा येतो. दोन माईक वापरताना दुसरा पहिल्यापेक्षा निदान तिप्पट लांब असू द्या, नाहीतर दोन्ही आवाज एकमेकांना खातात आणि संबळ पोकळ वाटतो. नाशिक ढोल असेल तर अंगणात न्या आणि सात-आठ फूट लांब राहा.

मेट्रोनोमवर, म्हणजे यंत्राच्या ठोक्यावर, ओवी गाऊ नका. ओवीचा श्वास दळणाचा आहे, ओळ संपताना ती रेंगाळते. गाणारी आणि एक ठेका धरणारा, दोघांना एकत्र, एकमेकांकडे बघत रेकॉर्ड करा. बाकीची वाद्यं नंतर त्यावर चढवा. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला गाण्याचं नाव आणि टेक क्रमांक तोंडाने बोला आणि एक टाळी वाजवा. वेगवेगळ्या रेकॉर्डरवरचे आवाज नंतर त्या टाळीवर जुळवायचे असतात. शेवटी सगळ्यांनी गप्प बसून एक मिनिट नुसत्या खोलीचा आवाज घ्या. कापाकापी करताना ठिगळाला तोच लागतो.

तीन टेक झाल्यावर थांबा. सातवा टेक अचूक असतो, पण त्यात कुणालाच मजा आलेली नसते.

घाटावरचे, बाजारातले आवाज घ्यायचे तर छोटा हातातला रेकॉर्डर आणि माईकवर केसाळ टोपी लागते. वाऱ्याची फडफड नंतर निघत नाही. बुधवारच्या बाजारात भाव पुकारणाऱ्यांचा आवाज घेतलात तर विचारून घ्या, आणि ओळखू येणारं बोलणं वापरू नका. पांडवलेणी संरक्षित स्मारक आहे. तिथली घुमी कितीही मोहात पाडणारी असली तरी स्टँड-माईक घेऊन जायच्या आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

मिक्स आणि मास्टर

मिक्स बँडमधल्या एकानेच करावा. सगळे बसले तर प्रत्येकाला आपलंच वाद्य कमी ऐकू येतं. हेडफोनवर, गाडीत आणि साध्या मोबाईलच्या स्पीकरवर ऐका. मोबाईलवर शब्द कळत नसतील तर मिक्स झालेला नाही. मास्टरसाठी (बाहेर काढायच्या शेवटच्या फाईलसाठी) आवाज फुगवायच्या मागे लागू नका. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसला (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आणते, म्हणजे तुम्ही दाबून मोठा केलेला आवाज ते पुन्हा कमीच करणार. वरचं टोक उणे १ डेसिबलवर रोखा.

वहीतलं एक पान

गाण्याचं पक्कं नाव, देवनागरीत आणि रोमनमध्ये, एकाच वर्णलेखनात. रेकॉर्डिंगची तारीख, जागा, पट्टी ("काळी दोन + ३५"), वापरलेला टेक. कोणी काय वाजवलं. शब्द, चाल, हिस्से. पारंपरिक असेल तर कुणाकडून मिळालं. कोणत्या माईकने, किती लांबून. आणि आयएसआरसी, ज्याबद्दल पुढे येतंच.

फाईलींचं गणित करून टाकू. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ एमबी. आठ ट्रॅकचं चार मिनिटांचं गाणं, एक टेक, सुमारे २७६ एमबी. चार गाण्यांचे दहा-दहा टेक धरले तरी ११ जीबी होतात, त्यामुळे जागा नव्हती म्हणून टेक उडवले, ही सबब चालत नाही. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. प्रत्येक ट्रॅक शून्यापासून सुरू होणारी वेगळी वेव्ह फाईल करूनही साठवा. सॉफ्टवेअर बदलतं, पण वेव्ह कुठेही उघडते.

बाहेर काढणं

स्ट्रीमिंग सेवा थेट घेत नाहीत, मधे वितरक लागतो. काही वर्षाला पैसे घेतात, काही मोफत चढवून कमाईतला वाटा कापतात. चढवायचं ते वेव्ह, आणि मुखपृष्ठ चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. वितरक प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-अंकांचा कोड देतो. तेच गाणं कार्यक्रमात पुन्हा रेकॉर्ड केलंत तर त्याला नवा कोड.

बँडचं नाव दर वेळी अक्षरशः सारखं लिहा. रोमनमध्ये एकदा 'aa' आणि एकदा 'a' लिहिलंत की दोन वेगळे कलाकार तयार होतात आणि तुमची चार गाणी दोन पानांवर विखुरतात.

तारीख निदान तीन-चार आठवडे पुढची, शुक्रवारची घ्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर प्रकाशनाच्या निदान सात दिवस आधी द्यावं लागतं. गणपतीत काढू नका, तेव्हा निम्मं नाशिक ढोलपथकात असतं आणि उरलेलं ते बघायला.

पैशांचं स्पष्ट बोलू. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला बारा महिन्यांत १००० वेळा ऐकलं गेल्याशिवाय रेकॉर्डिंगचे पैसेच सुटत नाहीत. त्यामुळे सुरुवातीला कमाई छोट्या कार्यक्रमांतून, आणि बँडकॅम्पसारख्या ठिकाणी थेट विक्रीतून. तिथे डिजिटल विक्रीवर १५ टक्के कापतात. शब्द आणि चाल तुमची असेल तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचं सदस्यत्व घ्या. गाणं वाजलं की शब्द-चालीची रॉयल्टी तिथून येते, आणि फॉर्ममध्ये हिस्से विचारतात तेव्हा वहीतलं पान समोर ठेवायचं.

पाहुण्या वादकांना गाणं व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आवाज दाबला जाऊन पोहोचू शकतो. सोबत श्रेयाच्या ओळीचा फोटोही. नावात चूक असेल तर ते लगेच सांगतील. गाणं बाहेर पडल्यावर अशी चूक सापडली तर वितरकाकडून दुरुस्ती करता येते, पण कधीकधी गाणं काढून पुन्हा चढवावं लागतं. तेव्हा तीच ऑडिओ फाईल आणि तोच जुना आयएसआरसी द्या, म्हणजे आधीचे ऐकल्याचे आकडे सहसा टिकतात. नवा कोड पडला तर मोजणी शून्यापासून.